विलापातल्या मोकळ्या जागा

माझं काम शिंप्याचं आहे. फरक इतकाच की मी कापडाऐवजी गाणी उसवते. एका गळ्यासाठी झालेलं गाणं घ्यायचं, टाका टाका करून उसवायचं आणि दुसऱ्याच वाद्याच्या अंगावर बसेल असं पुन्हा शिवायचं. लोकांना वाटतं, त्यात काय, सूर तर तेच! पण बासरीवाल्याला मधे श्वास घ्यावा लागतो, गजाने चेलो वाजवणाऱ्याला नाही. पियानोचा सूर वाजला की लगेच विरायला लागतो, क्लॅरिनेटचा फुंकून हवा तितका फुगवता येतो. हे सांभाळलं नाही की कुठे तोकडं होतं, कुठे झोळ येतो आणि कार्यक्रमाला आलेली माणसं खोकायला लागतात.

या धंद्यात प्रत्येकाला एक खोड लागते. कागदावर रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. एखादं वाद्य थोडा वेळ गप्प बसलं की वाटतं, हा फुकट बसलाय, याला काहीतरी काम द्या. मलाही ती खोड आहे, आणि इतक्या वर्षांत ती वाढलीच आहे.

धाकटी म्हणजे माझी बहीण. ती क्लॅरिनेट वाजवते. त्या वर्षी मी ‘वाजवायची’ म्हणायला लागले होते. तिच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम नीट बसतेय का ते बघता बघता तो खाली बसला, तो उठलाच नाही. जन्मभर कुणाला त्रास न देता राहिला आणि तसाच गेला. मितभाषी म्हणावं तर तेही नाही. बोलायचा, पण उशिरा. काही विचारलं की आधी चष्मा काढायचा, पुसायचा, पुन्हा घालायचा आणि मग उत्तर. आम्ही त्याची फार चेष्टा करायचो. धाकटी सांगायची, “मी याला लग्नाचं विचारलं, आणि हा बोलेपर्यंत माझी सगळी भाजी निवडून झाली.”

तो गेल्यावर ती रडली नाही. रडली असती, माझ्याशी भांडली असती, भांडी आपटली असती तरी मी समजू शकले असते. ती नुसती नम्र झाली. फोन केला की “बरी आहे.” जेवलीस का विचारलं की “हो.” क्लॅरिनेटची पेटी माळ्यावर गेली. आमचं एक त्रिकूट होतं. तिचं क्लॅरिनेट, माझा पियानो आणि चेलोवर एक धिप्पाड गृहस्थ, ज्यांना आम्ही पाठीमागे आणि तोंडावरही ‘कपाट’ म्हणतो, कारण ते आणि त्यांचा चेलो कुठल्याच दारातून एका वेळी आत येत नाहीत. ते त्रिकूट बंद पडलं. त्याचं मला इतकं नव्हतं. मला माझी बहीण परत हवी होती. पुढे जे काही केलं ते मी एवढ्यासाठीच केलं.

विलाप मला रेडिओ केंद्राच्या तळघरात सापडला. जुन्या टेपा खराब होत चालल्या होत्या आणि त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं हे ऐकून ठरवायला त्यांनी मला बसवलं होतं. लोखंडी मांडण्या, एक टेबल, कान दुखवणारे हेडफोन, आणि सगळ्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास. जुनी टेप मरायला लागली की असा वास सुटतो. बहुतेक टेपांवर भाषणं होती. भाषणं टाकायला वेळ लागत नाही.

एका डब्यावर ‘बाई, विलाप’ इतकंच लिहिलेलं होतं. टेप लावली. आधी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाची टिकटिक आली. मग बाई. तिचं वय सांगता येईना. आवाज कमावलेला नव्हता पण पक्का होता. आपलं कुणीतरी ऐकतंय याची खात्री असलेल्या माणसाचा असतो तसा. बोली डोंगरापलीकडची, शब्द क्वचितच कळत होते. पाच कडवी होती आणि पाचांना चाल एकच. ती वर चढायची, वर गेल्यावर जराशी अडखळायची आणि प्रश्न विचारल्यासारखी अर्ध्यावर सुटायची. कडवं संपलं की बाई थांबायची. मग पुढचं कडवं.

मी हेडफोन काढून ठेवले आणि त्या तळघरात एकटीच रडले, मेहुणा गेल्यापासून पहिल्यांदा. डोळे पुसतानाच ठरवलं की हे धाकटीला वाजवायला द्यायचं.

दुसऱ्यांदा ऐकताना एक बारीकशी गोष्ट लक्षात आली. बाई गात असताना मागे घड्याळ ऐकू येत होतं. ती थांबली की घड्याळही थांबायचं, आणि ती गायला लागली की पुन्हा टिकटिक. खरं तर उलट व्हायला हवं. शांततेत घड्याळ जास्तच ऐकू येतं. जुन्या यंत्रांमधे आवाज आपोआप कमी-जास्त करायची काही सोय असेल, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला.

घरी बसून चाल उतरवली. आधी ती व्हायोलिनला देऊन पाहिली. तिथे ती फारच गोड झाली, सगळ्यांनी बघावं म्हणून रडणाऱ्या एखाद्या मावशीसारखी. बासरीवर ती उडूनच गेली. पियानोवर ते अडखळणं जमेना, कारण पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे काही नसतं, आणि ही बाई नेमकी तिथेच अडखळत होती. क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांत मात्र चाल आपल्या घरी येऊन बसल्यासारखी बसली. शब्दांचा प्रश्नच नव्हता. वाद्याला शब्द नसतात. ते मी गाळले, काय आहेत हे न बघताच.

राहिल्या कडव्यांमधल्या मोकळ्या जागा. टेपवर त्या सारख्या नव्हत्या. पहिली इतकी लांब की गाणं संपलं असं वाटावं. दुसरी तिच्याहून बरीच कमी. तिसरी जेमतेम एका श्वासाची. चौथ्या आणि पाचव्या कडव्याच्या मधे तर जागाच नव्हती. बाई थेट पुढे गेली होती आणि पाचवं कडवं संपलं तिथेच टेपही संपली होती. मला वाटलं, दमली असेल बिचारी. किंवा ध्वनिमुद्रण करणाऱ्याने घाई केली असेल. ते काही असो, तीन माणसांनी एकत्र वाजवायचं तर माप सारखं हवं. मी सगळ्या जागा सारख्या केल्या. जिथे नव्हती तिथेही एक घातली.

आणि सारख्या झाल्यावर त्या इतक्या रिकाम्या दिसायला लागल्या की माझ्याने राहवेना. तिथे मी चेलो घातला. चेलो पुरुषाच्या आवाजाच्या सगळ्यात जवळ जातो. क्लॅरिनेटने विचारायचं, चेलोने सावकाश उत्तर द्यायचं, पियानोने दोघांना हात न लावता खालून आधार द्यायचा. काम संपलं तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

कागद घेऊन दुपारीच धाकटीकडे गेले. तिने दार उघडलं, बस म्हणाली, पाणी दिलं. सगळं अगदी पाहुण्याला देतात तसं.

“काय आहे?”

“एक जुना विलाप सापडला. तुझ्यासाठी लिहिलाय.”

“म्हणजे रडगाणं,” ती म्हणाली. “लोक फुलं आणतात, ताई.”

इतक्या महिन्यांत तिने मारलेला तो पहिला टोमणा. मला फार बरं वाटलं.

तिने कागद टेबलावर पसरले. ओठ न हलवता चाल वाचली, मग बोट चेलोच्या ओळीवर ठेवलं.

“इथे मी काय करायचं?”

“काही नाही. थांबायचं. कपाट वाजवतील.”

“नुसतं थांबायचं?”

“हो.”

“ते जमेल मला,” ती म्हणाली आणि माळ्यावरची पेटी काढायला स्टूल आणायला गेली.

आम्ही सराव करतो ती खोली गालिच्यांच्या एका गोदामावर आहे. खालून धूळ येते, शिंका येतात, पण खोली सुरांना प्रामाणिक आहे. कसलाही घुमारा नाही. जेवढं वाजवाल तेवढंच ऐकू येतं. सुरुवातीला धाकटीची बोटं अडखळली, मग एका क्षणी चाल तिच्या हातात आली. कडवं संपवून तिने वाद्य ओठांपासून दूर केलं आणि चेलोकडे पाहिलं. चेलोकडे म्हणजे कपाटांकडे नाही. त्यांच्या जरा डावीकडे, जिथे रिकाम्या खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या, तिकडे. कपाटांनी उत्तर वाजवलं. माझ्या अंगावर काटा आला. मी इतकं चांगलं लिहिलंय हे मलाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर ती सुधारत गेली. जेवायला लागली. माझ्याशी लयीवरून भांडली, चांगली कडाक्याची, आणि मी मुद्दाम हरले. केस कापून आली. एकदा तर घरी जाताना जिन्यात शीळही घातली. मी मनात म्हटलं, औषध लागू पडलं.

उलट कपाट दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. आमच्यात सगळ्यात बडबडे ते. एकदा सराव झाल्यावर धाकटी पुढे निघून गेली आणि ते चेलो पाठीवर घेऊन जिन्याच्या तोंडाशी घुटमळत राहिले.

“एक विचारू? माझ्या जागा तुम्ही बदलल्यात का?”

“नाही. का हो?”

“कागद तोच आहे, मी ताडून पाहिला. पण मी सुरू करायच्या आधीच सुरू झालेलं असतं. मी मागून जाऊन मिळतो.”

“म्हणजे तुम्ही घाई करताय.”

“घाई? मी?” ते म्हणाले. “जन्मभर उशिरा आलो म्हणून बोलणी खातोय मी, बाई.”

मी हसले. ते हसले नाहीत. रुमालाने मान पुसली.

“तार आधीच थरथरत असते. बोट टेकवायच्या आत.”

मी त्यांना समजावलं की एक वाद्य वाजलं की शेजारचं आपोआप गुणगुणतं, यात नवल काही नाही, शाळेतल्या मुलालाही हे शिकवतात.

“ते वाजत असताना,” कपाट म्हणाले. “थांबल्यावर नाही.”

पुढच्या सरावाला त्यांची पाठ दुखत होती. त्याच्या पुढच्याही. कपाटांची पाठ आजवर कधी दुखल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

म्हणून धाकटी घरीच सराव करायला लागली. मी एके दिवशी सकाळी भाजी घेऊन तिच्याकडे निघाले होते. तिचं घर वरच्या मजल्यावर. खालच्या दारातून आत शिरले तशी जिन्यात क्लॅरिनेट ऐकू आलं आणि कडवं संपल्यावर चेलो. मला आनंदच झाला. म्हटलं, आले म्हणजे आमचे कपाट, आणि मला कळवलंही नाही. काय काय सुनावायचं ते ठरवत मी वर चढले. वरच्या वळणावर पोचेपर्यंत चेलो चालू होता. दार नुसतं लोटलेलं होतं. ते ढकललं तेव्हा खोलीत धाकटी एकटी होती. मांडीवर क्लॅरिनेट, आणि मान किंचित कललेली.

“कपाट कुठे आहेत?”

“त्यांची पाठ दुखतेय ना?”

“मग आत्ता चेलो कोण वाजवत होतं? रेकॉर्डिंग लावलं होतंस?”

तिने माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं. लहानपणी मी तिच्याकडे असं पाहायची, तिला गणित सुटलं नाही की.

“चेलो नव्हता, ताई. तू चेलोसाठी लिहिलंस म्हणून तुला तसं ऐकू येतं.”

भाजीची पिशवी माझ्या हातातच होती. ती मी ओट्यावर ठेवली, टोमॅटो बाहेर काढले, धुतले. हातांना काहीतरी काम हवं होतं. मग विचारलं, “मग काय होतं?”

ती वाद्य पुसत होती. “नीट कळत नाही गं काय म्हणतो ते. अजून लांब आहे. प्रत्येक वेळी तेवढाच लांब.” तिच्या आवाजात दुःख नव्हतं. फोनला रेंज मिळत नाही म्हणून सांगावं, तितपत तक्रार होती.

मी घाबरले. भुताला नव्हे, तो माणूस जिवंतपणी मुंगीला दुखवणारा नव्हता. मी धाकटीसाठी घाबरले. ती बरी होत नव्हती, ती तिकडे रमत होती. आणि तिकडची वाट मीच तिला लिहून दिली होती, सुवाच्य अक्षरात.

रेडिओ केंद्रातून मी त्या टेपेच्या ध्वनिमुद्रकांचा पत्ता मिळवला. निवृत्त होऊन जमाना झालेला, शहराच्या टोकाला तळमजल्यावर राहत होते. माणूस बोलका. आधी गुडघ्यांबद्दल सांगितलं, मग हल्लीच्या मायक्रोफोनांना कसा राम उरला नाही ते सांगितलं, आणि मग मी विलापाचं नाव काढताच मांडीवर थाप मारली.

“ते होय! अख्खा दिवस एका खोलीत बसवून ठेवलं होतं आम्हाला. साधा चहा मिळाला नाही.”

“त्यात मधे मधे बाई थांबते,” मी म्हटलं. “त्या जागा लहान लहान का होत जातात?”

“त्या जागी बोलतो तो गेलेला माणूस. म्हणजे त्यांच्या समजुतीने हं, माझा कशावर विश्वास नाही. तिथे कुणी गायचं नाही, वाजवायचं नाही, हलायचंसुद्धा नाही. मला एकदा खोकला आला तर एका म्हातारीने असं पाहिलं माझ्याकडे की खोकला जो गेला तो आजतागायत आला नाही.”

“आणि बाई काय विचारते त्याला?”

“आता इतकं कुठलं लक्षात राहायला! आधी नदीचं काहीतरी विचारते. मग झाडांचं. मग कुंपण. मग पायरी. पोचलास का, दिसतंय का, असलंच काहीतरी. तो बोलतो, ती पुढचं विचारते. जागा कमी कमी होत जातात आणि शेवटी उरतच नाहीत.”

“मग?”

“मग आम्हाला बाहेर काढलं. म्हणाले, पुढचं घरच्यांपुरतं असतं. मुकाट्याने यंत्र बंद केलं आणि बाहेर जाऊन बसलो.”

“पुढचं म्हणजे काय?”

“बाहेर काढल्यावर मला कसं कळणार, बाई?” ते खो खो हसले. मग म्हणाले, “पण वेळ लागला त्यांना बराच. बायका बाहेर आल्या तेव्हा सगळ्या घामाने निथळत होत्या. जड सामान जिन्यावरून खाली उतरवलं की माणसं दिसतात ना, तशा.”

परतताना बसमधे मला सगळं लख्ख दिसलं. निदान तसं वाटलं. गेलेला माणूस बोलतो, आणि त्याचं बोलणं कमी कमी होत जातं, कारण तो लांब लांब जात असतो. जागा उरली नाही म्हणजे तो गेला. किती शहाणी रीत! आणि मी काय केलं होतं? सगळ्या जागा सारख्या करून त्याला होता तिथेच अडकवून ठेवलं होतं, वर त्याच्या हाती चेलो दिला होता. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण चुकीच्या लिखाणावर आहे. चुकीचं लिहिलं की चुकीचं वाजतं, आणि ते दुरुस्त करणं हे लिहिणाऱ्याचं काम असतं.

घरी येऊन मी नवा कागद घेतला. फक्त क्लॅरिनेट. चेलो नाही, पियानो नाही. मधल्या जागा टेपवर होत्या तेवढ्याच, तशाच उतरत्या, आणि कोऱ्या. हात शिवशिवले, पण मी त्या जागांना हात लावला नाही.

धाकटीकडे गेले तेव्हा ऊन खिडकीतून थेट टेबलापर्यंत आलं होतं. ती भिंतीलगतच्या बाकावर बसली. मी समोर खुर्ची ओढून घेतली. तिने कागद वाचला.

“जागा बदलल्यास.”

“मूळच्या आहेत तशा केल्या. आधी चुकलं होतं माझं.”

“आणि चेलो?”

“चेलो नाही. तिथे कुणी नाही.”

“बरं,” ती म्हणाली.

मी वाद घालायची तयारी करून आले होते. ती इतक्या चटकन कबूल होईल असं वाटलं नव्हतं. मी पुढे वाकून तिचे हात धरले. “एकदाच वाजव. शेवटपर्यंत वाजव आणि मग रड. हवं तेवढं रड. मी आहे इथे.”

“हो, ताई.”

तिने पहिलं कडवं वाजवलं. इतकं साधं आणि सुंदर तिने आजवर वाजवलं नव्हतं. कुठेही दाखवणं नाही, नुसतं विचारणं. कडवं संपलं. तिने वाद्य खाली घेतलं.

पहिली जागा फार लांब होती. स्वयंपाकघरात फ्रीज घरघरत होता, तो या जागेत ऐकू आला नाही. खाली रस्त्यावरच्या गाड्याही नाहीत. मी वर्गात बसलेल्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. धाकटी ऐकत होती. मग तिने मान डोलावली आणि दुसरं कडवं सुरू केलं. फ्रीज पुन्हा घरघरायला लागला.

दुसरी जागा कमी होती. मला हायसं वाटलं. चाललाय, मी मनात म्हटलं. चालला.

तिसरं कडवं. तिसरी जागा एका श्वासाची. माझेच डोळे भरून आले. चांगला माणूस होतास रे, मी त्याला मनातल्या मनात निरोप दिला. तिला सांभाळते मी. तू जा.

चौथं कडवं सुरू झालं, आणि का कोण जाणे, मला त्या ध्वनिमुद्रकांचा आवाज आठवला. आधी नदीचं विचारते. मग झाडांचं. मग कुंपण. मग पायरी.

घरातून निघालेल्या माणसाला आधी पायरी लागते.

नदी सगळ्यात शेवटी.

मी “थांब” म्हणायला तोंड उघडलं. चौथं कडवं संपत होतं, आणि त्याच्यापुढे थांबायला जागा नव्हती. मीच ती काढून टाकली होती.

पाचव्या कडव्यात क्लॅरिनेट एकटं नव्हतं.

ते संपलं. धाकटीने वाद्य बाजूच्या टेबलावर ठेवलं. फ्रीज ऐकू येत नव्हता. रस्ता ऐकू येत नव्हता. पुढचं घरच्यांपुरतं असतं. तिच्या घरची म्हणून त्या खोलीत मीच होते, आणि पुढचं मला येत नव्हतं.

धाकटी बाकावर जराशी सरकली. बाक करकरला, दोनदा. तिचे डोळे अखेर वाहायला लागले होते आणि ती हसत होती. लग्नाच्या फोटोतही ती इतकी हसलेली नाही.

“ताई, खिडकी लाव ना,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. दोन्ही तळव्यांमधे काहीतरी धरून ती हलके हलके चोळत होती. “किती गार पडलाय हा.”

मी उठले आणि खिडकी लावली.